शुभारंभाच्या तारखेआधी

नव्या निर्मात्यास,
स. न.

संहिता हातात आहे, दिग्दर्शक ठरलाय, आता तुला शुभारंभाची तारीख हवी आहे. त्याआधी पैशाचे दोन वाटे कर. नाटक उभं राहीपर्यंतचा एक, पुढच्या 15 प्रयोगांचा दुसरा. सगळी रक्कम नेपथ्यात आणि पहिल्या जाहिरातीत गेली, की पाचव्या प्रयोगाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या दिसल्यावर हात आखडतो, आणि चांगलं नाटकसुद्धा लोकांच्या कानावर जायच्या आत बंद पडतं. नाट्यगृहाचं भाडं, कलाकार आणि बॅकस्टेजच्या नाइट (दर प्रयोगाचे पैसे), लेखक-दिग्दर्शकाचं मानधन, लाइट-साउंड, टेम्पो, चहा-जेवण, जाहिरात असा एका प्रयोगाचा खर्च मांड. तिकीटविक्री निम्मीच धर. जी तूट येईल तिची 15 पट वेगळ्या खात्यात ठेव आणि त्याला हात लावू नकोस.

संहिता राज्य सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे लवकर पाठव. प्रमाणपत्राशिवाय जाहीर प्रयोग लावता येत नाही.

विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं आणि 10 वर्षांनी त्यांची मंडळी मुंबईत प्रयोग करत होती. आपलं नाटक तेव्हापासून फिरतं आहे. म्हणून सेट आधी टेम्पोत बसला पाहिजे, मग रंगमंचावर. दादरच्या शिवाजी मंदिरचा आणि पुण्याच्या बालगंधर्वचा रंगमंच एका मापाचा नाही, तेव्हा दोन्ही कडांचे फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतींचे सुटे तुकडे, काढता-जोडता येतील असे करून घे. जोडांना खिळे नकोत. पिन काढता येणाऱ्या बिजागऱ्या लाव. प्रत्येक फ्लॅटच्या पाठीवर रंगाने नंबर घाल. रविवारी आधीच्या सत्रातलं नाटक रेंगाळलं तर तुला जेमतेम तास-सव्वा तास मिळतो. तेवढ्यात चार माणसांना सेट लावता येतो का, हे गोडाऊनमध्ये घड्याळ लावून दोनदा बघ.

तालमी रोज 4 तास, निदान 30 दिवस. हॉलच्या फरशीवर चिकटपट्टीने दारं आणि भिंती आख. सोफा मात्र प्रयोगातलाच आण. प्लास्टिकच्या खुर्चीवरून चटकन उठणारा नट खोल सोफ्यातून उठायला क्षणभर जास्त घेतो, तेवढ्यात समोरच्याचं वाक्य येऊन जातं आणि हशा बुडतो.

रंगीत तालीम आणि शुभारंभ यांच्यात एक मोकळा दिवस हवाच. आदल्या रात्री सापडलेली लाइटची चूक दुसऱ्या दुपारपर्यंत सुधारत नाही.

शुभारंभाच्या टाळ्यांवर जाऊ नकोस, तिथे निम्मे लोक आपलेच असतात. तिसऱ्या प्रयोगापासून बाल्कनीत वही घेऊन बस. खोकला कुठे वाढतो, मोबाइल कुठे उजळतात, ते संवादासकट लिही. सलग तीन प्रयोगांत एकाच जागी खुणा आल्या तर लेखकाला विचारून तेवढं काप, आणि कापलेला भाग नटांना तालमीत लेखी दे. विंगेत तोंडी सांगितलेला बदल एकाच्या लक्षात राहतो, दुसऱ्याच्या नाही, आणि दोघंही रंगमंचावर अडकतात.