वाचकांचे प्रश्न : वॉशिंग्टन आणि ओरेगन, जास्त उदारमतवादी कोण?

प्रश्न : मुलीला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातलं सिएटल आणि ओरेगन राज्यातलं पोर्टलंड अशा दोन्ही शहरांतून नोकरीचं बोलावणं आलं आहे. दोन्ही राज्यं ‘लिबरल’ म्हणून ओळखली जातात. सामाजिक बाबतीत जास्त मोकळं राज्य कोणतं, आणि ते ठरवायचं कसं?

उत्तर : पक्षावरून ठरवायला गेलात तर हाती काही लागणार नाही. वॉशिंग्टनमध्ये १९८५ पासून आणि ओरेगनमध्ये १९८७ पासून रिपब्लिकन गव्हर्नर नाही. २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या कमला हॅरिस यांना वॉशिंग्टनमध्ये सुमारे ५७, तर ओरेगनमध्ये ५५ टक्के मतं मिळाली. त्याऐवजी एकेक मुद्दा घ्या आणि तीन गोष्टी तपासा : निर्णय कधी झाला, तो विधिमंडळाने केला, न्यायालयाने की मतदारांनी, आणि तो साध्या कायद्यात आहे की राज्यघटनेत. तिसरी गोष्ट बहुतेक जण बघतच नाहीत, आणि तुलना तिथेच फसते.

सह्या गोळा करून कायदा थेट मतदानाला ठेवण्याचा हक्क ओरेगनच्या नागरिकांना १९०२ पासून, वॉशिंग्टनच्या नागरिकांना १९१२ पासून आहे. पण ओरेगनमध्ये याच वाटेने राज्यघटनाही बदलता येते. गव्हर्नरपदाच्या मागच्या निवडणुकीत पडलेल्या मतांच्या ६ टक्के सह्या साध्या कायद्याला लागतात, घटनादुरुस्तीला ८ टक्के. वॉशिंग्टनमध्ये ८ टक्के सह्या जमवूनही फक्त कायदा होतो. घटनेला हात लावता येत नाही.

याचा परिणाम समलिंगी विवाहाच्या बाबतीत स्पष्ट दिसतो. वॉशिंग्टनची १९९८ ची बंदी साधा कायदा होती. फेब्रुवारी २०१२ मध्ये विधिमंडळाने विवाहाला मान्यता दिली, विरोधकांनी सार्वमत घ्यायला लावलं, आणि नोव्हेंबरमध्ये सुमारे ५४ टक्के मतदारांनी ती मान्यता कायम ठेवली. ओरेगनच्या मतदारांनी मात्र २००४ मध्ये बंदी थेट घटनेत घातली होती. विधिमंडळाला तिचं काही करता येईना; मे २०१४ मध्ये केंद्रीय न्यायाधीशाने ती रद्द केली तेव्हा वाट मोकळी झाली. ही दीड वर्षाची दिरंगाई लोकांच्या वृत्तीपेक्षा घटनेतल्या कलमामुळे झाली, असं आमचं मत आहे.

फाशीचंही तेच. वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती मनमानी आणि वंशभेदी पद्धतीने दिली जाते म्हणून रद्द ठरवली, आणि २०२३ मध्ये विधिमंडळाने ती कायद्यातून काढली. ओरेगनमध्ये मतदारांनी १९८४ मध्ये तिला घटनेत आधार दिला, त्यामुळे ती पूर्ण काढायची तर पुन्हा मतदारांकडेच जावं लागतं. २०११ पासून अंमलबजावणी थांबलेली आहे, आणि डिसेंबर २०२२ मध्ये गव्हर्नर केट ब्राऊन यांनी उरलेल्या सतराही कैद्यांची फाशी जन्मठेपेत बदलली. फाशीच्या कोठड्या रिकाम्या झाल्या, शिक्षा कागदावर राहिली.

गर्भपातात ओरेगन पुढे आहे : तिथे आठवड्यांची मर्यादाच नाही. वॉशिंग्टनमध्ये गर्भ शरीराबाहेर जगू शकेल तोवर, आणि त्यानंतर स्त्रीच्या जिवाला किंवा आरोग्याला धोका असेल तरच. मात्र वॉशिंग्टनच्या मतदारांनी १९७० मध्येच, म्हणजे देशभर गर्भपाताचा हक्क देणाऱ्या केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या निकालाआधी, स्वतः मतदान करून गर्भपाताला परवानगी दिली होती.

आणि दोन्ही राज्यांच्या नावावर न शोभणाऱ्या गोष्टीही आहेत. कृष्णवर्णीयांना राज्यात राहायला बंदी करणारं कलम ओरेगनच्या १८५७ च्या घटनेत होतं. ते १९२६ मध्ये गेलं, उरलेले वर्णद्वेषी शब्द २००२ मध्ये. वॉशिंग्टनच्या मतदारांनी १९९८ मध्ये सरकारी नोकऱ्या आणि सरकारी विद्यापीठांतल्या प्रवेशात वंश किंवा लिंगावरून प्राधान्य द्यायला मनाई केली, आणि २०१९ मध्ये ती उठवण्याचा प्रयत्न थोडक्या मतांनी फेटाळला. ओरेगनमध्ये अशी मनाई नाही.

प्रश्न : ओरेगनमध्ये सगळे अमली पदार्थ चालतात, असं ऐकलं. खरं आहे का?

उत्तर : आता नाही. फेब्रुवारी २०२१ पासून हेरॉईन, मेथसारखे पदार्थ थोड्या प्रमाणात बाळगल्यास फक्त १०० डॉलर दंड होता, आणि आरोग्य तपासणीसाठी ठरावीक क्रमांकावर फोन केला तर तोही माफ. फोन फार थोड्यांनी केले, उपचारांसाठीचा निधी उशिरा पोहोचला आणि उघड्यावरचं सेवन डोळ्यांत खुपू लागलं. तो मतदारांनी केलेला असला तरी साधा कायदा होता, म्हणून विधिमंडळाने बदलला. १ सप्टेंबर २०२४ पासून बाळगणं पुन्हा गुन्हा आहे. मतदारांनी केलेला कायदा पहिली दोन वर्षं बदलायचा तर वॉशिंग्टनमध्ये दोन-तृतीयांश बहुमत लागतं. ओरेगनमध्ये तशी अट नाही.

गांजा दोन्हीकडे २१ वर्षांवरील व्यक्तीला कायदेशीर आहे. वॉशिंग्टनमध्ये त्यावर ३७ टक्के खास कर, वर विक्रीकर. ओरेगनमध्ये राज्याचा १७ टक्के, स्थानिक जास्तीत जास्त ३, आणि विक्रीकर मुळातच नाही. ओरेगनमध्ये घरटी चार रोपं लावता येतात; वॉशिंग्टनमध्ये हौसेखातर एकही नाही.

तुमच्या मुलांसाठी खरा धोका वेगळाच आहे. केंद्रीय कायद्यात गांजा अजून नियंत्रित पदार्थ आहे, आणि व्हिसा, ग्रीनकार्ड, नागरिकत्व हे सगळं केंद्राचं काम. एच-वन-बीवर असलेल्याने विमानतळावर अधिकाऱ्यापुढे गांजा ओढल्याचं कबूल केलं तर प्रवेश अडू शकतो. गांजाच्या दुकानातली नोकरी राज्याच्या परवान्याने असली तरी नागरिकत्वाच्या अर्जात आड येऊ शकते. एप्रिल २०१९ पासून तसं लेखी धोरणच आहे. पोर्टलंडमध्ये घेतलेली पुडी कोलंबिया नदीच्या पुलावरून पलीकडच्या, वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकूव्हर गावात नेली तरी तो केंद्रीय गुन्हा होतो, दोन्ही काठांवर गांजा कायदेशीर असूनही.

प्रश्न : इच्छामरणाचा कायदा दोन्हीकडे सारखाच आहे का?

उत्तर : साचा एकच. रुग्ण १८ वर्षांवरचा आणि शुद्धीत निर्णय घेऊ शकणारा हवा, आयुष्य सहा महिन्यांपेक्षा कमी उरल्याचं निदान हवं, दोन तोंडी विनंत्या, दोन साक्षीदारांसमोर एक लेखी विनंती, आणि औषध त्याने स्वतःच घ्यायचं. डॉक्टर किंवा नातेवाइकाने दिलं तर ते या कायद्यात बसत नाही. ओरेगनचा कायदा १९९४ मध्ये मतदानाने झाला आणि १९९७ मध्ये लागू झाला. वॉशिंग्टनचा २००८ मध्ये झाला. दोन तोंडी विनंत्यांत ओरेगनमध्ये १५ दिवसांचं अंतर लागतं, वॉशिंग्टनमध्ये २०२३ पासून ७. ओरेगनने त्याच वर्षी रहिवासाची अट काढली, वॉशिंग्टनमध्ये ती आहे.

प्रश्न : जातीवरून भेदभावाबद्दल कुठे कायदा आहे?

उत्तर : सिएटल शहरात. फेब्रुवारी २०२३ मध्ये नगर परिषदेने ६ विरुद्ध १ मतांनी भेदभावबंदीच्या यादीत जात घातली. ठराव पुण्यात जन्मलेल्या नगरसेविका क्षमा सावंत यांचा. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. पण ही शहराची तरतूद आहे, राज्याची नाही. कंपनीची कचेरी सिएटलच्या हद्दीत आहे की शेजारच्या बेलव्ह्यू, रेडमंडमध्ये, हे नेमणूकपत्रावरच्या पत्त्यात बघून घ्या.

प्रश्न : राज्यभर वातावरण सारखंच असतं का?

उत्तर : अजिबात नाही. कॅस्केड पर्वतरांग ओलांडून पूर्वेला गेलं की दोन्ही राज्यांत मतदान उलटं होतं. ओरेगनच्या पूर्वेकडच्या १३ काउंट्यांनी (जिल्ह्यांनी) शेजारच्या आयडाहो राज्यात सामील होण्याच्या बाजूने कौल दिला आहे, अर्थात तो बंधनकारक नाही.