विशेष शाळेला परदेशातून आलेल्या शैक्षणिक साहित्यावर कस्टम ड्यूटी माफ होते का?

भाऊ, तुमची शाळा यवतमाळ जिल्ह्यातली, मुलं दृष्टिहीन आणि बौद्धिक अक्षम अशी दोन्ही, आणि जर्मनीची संस्था सगळं साहित्य एकाच खोक्यात फुकट पाठवते आहे. घोळ तिथंच आहे.

सूट शाळेला नसते, वस्तूला असते. हे संस्थाचालकांना सांगून माझा घसा बसला. कस्टम्सच्या अधिसूचनेत दिव्यांगांच्या साधनांची यादी आहे: ब्रेल पाटी, स्टायलस (ब्रेल टोचायची सुई), टेलर फ्रेम (अंधांची गणिताची पाटी), ब्रेल कागद, ब्रेल छापायची यंत्रं (एम्बॉसर त्यातलाच), बोलका कॅल्क्युलेटर, ऑडिओमीटर (ऐकू किती येतं ते मोजणारं यंत्र), शिवाय अंधांसाठी खास बनवलेलं शिकवण्याचं साहित्य आणि खेळ. सूट यांनाच, आणि आयजीएसटीही (आयात मालावरचा जीएसटी) 5 टक्केच. बौद्धिक अक्षम मुलांचे ठोकळे, साचे, चित्रपत्ते त्या यादीत नावानं नाहीत. यादी करणाऱ्याला अंध दिसले, बाकीची लेकरं दिसली नाहीत, असं माझं स्पष्ट मत.

आता इन्व्हॉइस. पाठवणारा भोळेपणानं 'एज्युकेशनल टॉईज' लिहितो आणि माल 9503 या खेळण्यांच्या शीर्षकात जातो. तिथली मूळ ड्यूटी 2023 च्या अर्थसंकल्पात 60 वरून 70 टक्के झाली. भाडं-विमा धरून किंमत 50,000 ठरली तर 35,000 ड्यूटी, वर आयजीएसटी वेगळा. तेवढे भरले तरी माल सुटेलच असं नाही, कारण 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह सक्तीचं आहे. ते नसलं की माल अडकतो आणि गोदामाचं भाडं चढत राहतं.

म्हणून अंधांचं साहित्य वेगळ्या खोक्यात, वेगळ्या इन्व्हॉइसवर मागवा. दर वस्तूची वेगळी ओळ: नाव, नग, किंमत. फुकट असलं तरी शून्य लिहू देऊ नका, कस्टम्स किंमत लावतंच. वस्तू अंधांसाठीच बनवली आहे असं उत्पादकाचं पत्र आणि कॅटलॉगचं पान जोडा. आयईसी (आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक) काढा, पॅनचाच नंबर मिळतो, फी 500 रुपये. बिल ऑफ एंट्री (आयात मालाचा कस्टम्सचा फॉर्म) भरतानाच चालू अधिसूचनेतला सवलतीचा अनुक्रमांक कस्टम्स एजंटकडून त्यात लिहून घ्या. तो राहिला की पूर्ण दर लागतो, मग आधी बिल दुरुस्त करा, नंतर परतावा मागा. मुदत एक वर्ष.

खेळण्याला दुसरं नाव देऊन लपवा असं मी म्हणत नाही; त्याला दंड आहे. आणि हो, एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी आहे ना? वस्तूरूप देणगीही विदेशी अंशदानच धरतात. नोंदणी नसेल तर खोकं निघूच देऊ नका.

खरं तर एवढा खटाटोप कशापायी? बाहेरचं तेच भारी म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. पर्किन्स ब्रेलर, म्हणजे ब्रेलचा टाइपरायटर, तमिळनाडूत काटपाडीला वर्थ ट्रस्टमध्ये बनतो. बौद्धिक अक्षम मुलांचे साहित्यसंच सिकंदराबादची राष्ट्रीय संस्था तयार करते, दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून मिळतात. ठोकळे तर गावचा सुतार सागाच्या तुकड्यांतून करून देईल, फक्त कडा गोल घासून घ्या आणि तोंडात जाणार नाहीत एवढे मोठे ठेवा. जर्मन चित्रपत्त्यावर बर्फातली घसरगाडी असते. आर्णीच्या पोराला पऱ्हाटी, बैल आणि लाल एसटी ओळखायची असते.

जर्मनांना सांगा, ठोकळे नको, एम्बॉसर पाठवा. तो महाग असतो आणि ब्रेल छापायची यंत्रं यादीत आहेत.