सिस्टरांचा दवाखाना आणि अनामतीची खिडकी

प्रश्न : आमच्या गावातला सिस्टरांचा दवाखाना दोन वर्षांपूर्वी बंद झाला. ताप असो वा विंचूदंश, सगळे आधी तिथेच धाव घेत. गेल्या महिन्यात आईला छातीत दुखू लागले म्हणून शहरातल्या एका कॅथलिक रुग्णालयात नेले, तर खिडकीवर आधी अनामत रक्कम मागितली. मग इतर खासगी रुग्णालयांत आणि यात फरक तो काय? – एक वाचक, पालघर जिल्हा

उत्तर : आपली व्यथा रास्त आहे. तिला पैशांच्या अडचणींची यादी पुढे करून उत्तर देणे मला योग्य वाटत नाही. कॅथलिक आरोग्यसेवेचा पाया भारतात कुणी घातला हे आठवले, तर आपला प्रश्न किती मुळाशी जातो ते कळेल. ऑस्ट्रेलियातील डॉ. मेरी ग्लॉवरी 1920 मध्ये गुंटूरला आल्या आणि धर्मभगिनी (नन, म्हणजेच आपल्या सिस्टर) झाल्या. त्या काळी धर्मभगिनींना वैद्यकी करण्याची मुभा नव्हती, म्हणून त्यांच्यासाठी पोपची खास परवानगी मिळवावी लागली; प्रसूतिसेवेसह ही वाट सर्वच धर्मभगिनींना खुली झाली ती 1936 मध्ये. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरांपुढे येत नसत आणि बाळंतपणात जीव गमावत, त्यांच्यासाठी हा सारा खटाटोप होता. विखुरलेल्या लहान दवाखान्यांना एकमेकांचा आधार मिळावा म्हणून 1943 मध्ये त्यांच्याच पुढाकाराने आजच्या ‘कॅथलिक हेल्थ असोसिएशन ऑफ इंडिया’ची स्थापना झाली.

आज नेमका हा आधारच तुटत चालला आहे. धर्मभगिनी होणाऱ्या मुलींची संख्या घटली, प्रशिक्षित परिचारिका परदेशी जातात आणि खेड्यात राहायला डॉक्टर तयार नसतो. त्यातच 2020 मध्ये विदेशी देणग्यांचा कायदा बदलला आणि एका संस्थेला आलेली विदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळती करण्यास पूर्ण बंदी आली, त्यामुळे मोठ्या संस्थेमार्फत येणाऱ्या अशा मदतीवर चालणाऱ्या आडगावच्या दवाखान्यांची कोंडी झाली. डहाणू-जव्हारकडच्या पाड्यांवर, उकळत्या पाण्यातून काढलेली पट्टी जखमेवर बांधता बांधता ‘घरात तांदूळ आहेत का?’ असे विचारणाऱ्या सिस्टर मी पाहिल्या आहेत. त्या प्रश्नाला कुठल्याही बिलात रकाना नसतो. म्हणूनच शहरातल्या रुग्णालयांनी देशातच मिळवलेल्या उत्पन्नाचा ठरावीक वाटा अशा दवाखान्यांसाठी बाजूला काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नवी यंत्रे हवीतच, पण त्यांच्या हप्त्यांसाठी पाड्यावरचे दार बंद होत असेल तर आपण वाट चुकलो आहोत.

आता आपल्या आईविषयी. ते रुग्णालय धर्मादाय न्यासाचे असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये घालून दिलेल्या योजनेनुसार तिथल्या 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवणे बंधनकारक आहे. तातडीच्या रुग्णाकडून अनामत मागता येत नाही. तेव्हा पुढच्या तपासणीला जाताना शिधापत्रिका आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत न्यावा, खिडकीवर न थांबता थेट वैद्यकीय समाजसेवकांना भेटावे आणि या योजनेखाली लेखी अर्ज द्यावा. तिथे दाद लागली नाही, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. रुग्णालय आपल्याच ख्रिस्तसभेचे (चर्चचे) आहे म्हणून संकोच करू नये.