लहानपणीचा सुपरहिरो पुन्हा पाहताना

सुपरहिरोंच्या जुन्या कार्टूनमालिका आता हव्या तेव्हा पाहता येऊ लागल्यापासून या सदराकडे एकाच धर्तीची पत्रे सातत्याने येत आहेत. लहानपणी जिच्यासाठी जीव टाकला ती मालिका पुन्हा लावली आणि मन खट्टू झाले, किंवा उलट, ती अपेक्षेपेक्षा सरस वाटली. मग आपली आठवण खरी मानायची की आजची नजर, असा त्या पत्रांचा सूर आहे. त्यांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे वय सत्तेचाळीस आहे. माझ्या लहानपणीही जुनी असलेली १९६७ सालची स्पायडरमॅन मालिका परवा दहा वर्षांच्या मुलीला मोठ्या हौसेने दाखवली. शीर्षकगीत सुरू होताच मी हरखून गेलो; पण पाचच मिनिटांत मुलीने विचारले, "बाबा, आसपास इमारत नाही, मग त्याचे जाळे चिकटले कशाला? ढगाला?" माझ्याकडे उत्तर नव्हते. इतकी वर्षे मी ज्या गोष्टीचे कौतुक करत आलो, ती मुळात सामान्यच होती का?

उत्तर : आपल्या मुलीने अचूक जागी बोट ठेवले आहे आणि तिला खरे उत्तर मिळायला हवे. ते उत्तर हिशेबात दडलेले आहे. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. प्रत्येक चित्र दोन चौकटींपुरते धरले, तरी सेकंदाला बारा चित्रे लागतात, म्हणजे वीस मिनिटांच्या भागाला, एकच आकृती सतत हलती ठेवायची म्हटले तरी, चौदा हजार चारशे. दूरचित्रवाणीच्या तुटपुंज्या खर्चात हे शक्य नव्हते. म्हणून पोशाखावरची जाळी बहुतेक गाळून ती मुखवटा, हातमोजे आणि बूट यांच्यापुरतीच ठेवली गेली. झोके घेण्याची तीच ती दृश्ये पुन्हा पुन्हा वापरली गेली आणि त्यांच्यामागची पार्श्वभूमी तेवढी बदलत राहिली. मागे इमारती असोत वा मोकळे आकाश, पुढचा झोका तोच. जाळे ढगाला चिकटते ते यामुळे. पहिल्या हंगामानंतर मूळ निर्मितीसंस्थेचे दिवाळे निघाले, सूत्रे अ‍ॅनिमेशन-दिग्दर्शक राल्फ बाक्शी यांच्याकडे गेली आणि काटकसर इतक्या थराला पोहोचली, की शेवटच्या हंगामातल्या काही भागांत ‘रॉकेट रॉबिन हूड’ या दुसऱ्याच मालिकेची चित्रे घेऊन त्यांत स्पायडरमॅन बसवला गेला.

हे सारे तेव्हा आपल्या नजरेतून कसे सुटले, याचे कारण केवळ बालवय नव्हे. आपण एक भाग पाहत होता, मग पुढच्या भागासाठी कित्येक दिवस वाट पाहत होता. आठ दिवसांपूर्वी पाहिलेला झोका आणि आजचा झोका एकच आहे, हे ओळखायला दोन्ही शेजारी ठेवून पाहावे लागतात, आणि ती सोय तेव्हा कुणालाच नव्हती. मधल्या दिवसांत अंगणात, गच्चीवर, पलंगावरून उड्या मारताना आपण जो स्पायडरमॅन जगलात, तोही मालिकेच्या आठवणीत मिसळून गेला. आज सलग चार भाग लावले, की मधले दिवस गळून पडतात आणि पडद्यावर जेवढे खरोखर होते तेवढेच उरते. तेव्हा आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर द्यायचे, तर होय, चित्रकाम म्हणून ती मालिका सामान्य होती. पहिल्या हंगामातल्या गोष्टी सुटसुटीत आणि वेगवान आहेत, शीर्षकगीत आजही पहिल्या ओळीत पकड घेते आणि नंतरच्या भागांतल्या हिरव्या-जांभळ्या आकाशांना एक विलक्षण, किंचित भयावह सौंदर्य आहे. मला स्वतःला ती आकाशे फार आवडतात. त्यापलीकडे तिच्यासाठी भांडावे असे मला वाटत नाही. मुलीला मात्र ती पुढेही दाखवा आणि एकच झोका किती वेळा येतो ते दोघांनी मिळून मोजा. ढगाचा प्रश्न विचारणारे मूल पडदा नीट पाहत असते.

प्रश्न : १९९२ साली सुरू झालेली बॅटमॅन मालिका आणि १९९४ची स्पायडरमॅन मालिका मी गेल्या महिन्यात पाठोपाठ पाहिल्या. लहानपणी मला स्पायडरमॅन अधिक आवडे. आज तो सोसवत नाही आणि बॅटमॅन मात्र मोठ्यांसाठीच केल्यासारखा वाटतो. दोन्ही एकाच काळातल्या, एकाच वाहिनीवरच्या. मग हा फरक पैशांचा आहे का?

उत्तर : पैशांचा वाटा आहेच. बॅटमॅनच्या भागांसाठी शर्ली वॉकर आणि त्यांचे सहकारी नवे संगीत रचत आणि ते वाद्यवृंदाकडून वाजवून घेत. त्या काळच्या मुलांच्या मालिकांत ही चैन क्वचितच परवडे. पण माझ्या मते मुख्य फरक निर्बंधांना दिलेल्या उत्तरात आहे. मुलांच्या कार्यक्रमांत हिंसा किती दाखवायची यावर वाहिनीचा कडक पहारा होता आणि तो दोन्ही मालिकांवर होता. स्पायडरमॅनमध्ये त्याचा परिणाम असा झाला, की साध्या चोरांच्या हातीही किरण फेकणारी बंदूक आली, नायक मुठीने जवळजवळ मारेनासा झाला आणि मॉर्बियस हा रक्तपिपासू दात लावण्याऐवजी तळहातावरच्या छिद्रांतून ‘प्लाझ्मा’ शोषू लागला. लहानपणी हे खपून जाते. मोठेपणी प्रत्येक वेळी मागे उभा असलेला पहारेकरी दिसतो.

आता बॅटमॅनमधला, त्याचा तरुण साथीदार रॉबिन याच्या आईवडिलांच्या मृत्यूचा प्रसंग आठवा. दोघे सर्कशीतले झुलेकरी आहेत. मृत्यू दाखवायचा नाही, ही अट इथेही होतीच. झोका घेत ती दोघे चौकटीबाहेर जातात. क्षणभर चौकट रिकामी राहते. मग दोर एकटाच परत येतो, तुटलेल्या टोकासह. किंकाळी, रक्त, पडलेले देह यांतले काहीही न दाखवता जे सांगायचे ते सांगून झालेले असते, आणि निर्बंध नसते तर हा प्रसंग इतका चांगला झाला असता का, याची मला शंका वाटते. या भागाला अमेरिकन दूरचित्रवाणीचा एमी पुरस्कार मिळाला.

तीच गोष्ट चित्रांची. एरिक रॅडोम्स्की यांनी पार्श्वभूमी पांढऱ्या कागदावर न रंगवता काळ्या कागदावर रंगवायची पद्धत आणली. पांढऱ्या कागदावर चित्रकार अंधार भरत जातो. काळ्या कागदावर अंधार आधीच असतो आणि त्यात एक खिडकी, एक दिवा, इमारतीची एक कड एवढाच उजेड ठेवावा लागतो. जे रंगवायचेच नाही ते आपोआप बॅटमॅनचे गॉथम शहर होते. ब्रूस टिम यांनी पात्रेही मोजक्या, कोनदार रेषांत बसवली. रेषा जितक्या कमी, तितके ते चित्र हजारो वेळा काढताना बिघडण्याची भीती कमी. १९६७च्या स्पायडरमॅननेही रेषा कमी केल्या होत्या, पण तिथे त्या गाळल्या गेल्या होत्या. इथे त्या निवडल्या गेल्या.

म्हणून बॅटमॅन निर्दोष ठरत नाही. प्रत्यक्ष चित्रकाम वेगवेगळ्या परदेशी स्टुडिओंकडून करून घेतले जाई, त्यामुळे एका भागात डौलदार हालणारा बॅटमॅन पुढच्याच भागात पुठ्ठ्याचा वाटतो. काही कथा अगदीच पोरकट आहेत. पण मिस्टर फ्रीझचा, पॉल डिनी यांनी लिहिलेला भाग पाहा. खेळण्यातल्या काचेच्या गोळ्यात बर्फ भुरभुरत असतो, आत एक नर्तिका फिरत असते आणि तिच्याकडे पाहणारा खलनायक आपल्या गमावलेल्या पत्नीशी बोलत असतो. सर्दी झालेला बॅटमॅन अखेर त्याला हरवतो ते थर्मासमधल्या गरम सूपने. थर्मास शिरस्त्राणावर आदळतो आणि थंड काच तडकते. विनोदी वाटावी अशी ही युक्ती, पण शेवटी कोठडीत तोच काचेचा गोळा हाती घेऊन फ्रीझ पत्नीची क्षमा मागतो, तेव्हा हसू येत नाही. लहानपणी आपल्याला सूप आठवले असेल. आज गोळा आठवेल. एकाच वीस मिनिटांत दोन्ही वयांसाठी काही ठेवलेले आहे, म्हणून आपण मोठे झालात तरी तो भाग लहान झाला नाही.

स्पायडरमॅनची बाजूही मांडायला हवी. एक कथा अनेक भाग चालवायची, पीटरच्या, म्हणजे स्पायडरमॅन झालेल्या तरुणाच्या, शरीरात होणारे बदल, त्याची भीती, त्याचे तुटणारे नातेसंबंध यांचा धागा आठवडेच्या आठवडे सोडायचा नाही, ही त्या मालिकेची हिंमत होती आणि आपल्याला लहानपणी तिने धरून ठेवले ते बहुधा त्यामुळे. तिचे दुर्दैव असे, की तिने जे सर्वांत आधुनिक म्हणून वापरले तेच सर्वांत आधी जुने झाले. संगणकावर उभ्या केलेल्या त्या इमारती तेव्हा डोळे दिपवत. आज त्या रिकाम्या खोक्यांसारख्या दिसतात. काळ्या कागदाला तसे होत नाही.

प्रश्न : २००३ची, किशोरवयीन सुपरहिरोंच्या चमूची ‘टीन टायटन्स’ माझ्या शाळकरी वयातली सर्वांत जवळची मालिका. २०१३ साली त्याच पात्रांना घेऊन ‘टीन टायटन्स गो’ आली आणि सगळ्याचा थिल्लरपणा करून टाकला. आजकाल सुपरहिरोंच्या कार्टूनमध्ये गांभीर्य उरलेलेच नाही, असे आपल्याला वाटत नाही का?

उत्तर : नाही, असे मला वाटत नाही. आपले दुःख मी समजू शकतो, कारण दोन्ही मालिकांत पाचही मुख्य पात्रांना आवाज देणारे कलाकार तेच आहेत, आणि ओळखीच्या आवाजातून अनोळखी बोलणे ऐकले की ते अधिक लागते. पण नवी मालिका अकरा-एक मिनिटांच्या विनोदी तुकड्यांची आहे आणि ती आपल्या लहानपणासाठी केलेलीच नाही. ती पाहून खदखदून हसणारी आजची सात वर्षांची मुले जुनीचा अपमान करत नाहीत. एका मालिकेवरून साऱ्या काळाला दोष देणे तर मुळीच योग्य नाही. आपण आपल्या काळातले उत्तम लक्षात ठेवले आहे आणि ते आजच्या सरासरीशी ताडून पाहत आहात; त्या काळातल्या सुमार मालिका आपण केव्हाच विसरून गेलात.

स्मरणरंजनावरच उभी असूनही चांगली झालेली कलाकृती पाहायची असेल, तर २०२४ची ‘एक्स-मेन ९७’ पाहा. ‘एक्स-मेन’ या सुपरहिरोंच्या चमूची मूळ मालिका १९९२ ते १९९७ चालली. नवीने तेच शीर्षकसंगीत, तेच पोशाख आणि काही तेच आवाज घेतले आणि गोष्ट जिथे थांबली होती तिथून उचलली. मात्र पाचव्या भागापर्यंत येता येता ती जुन्या प्रेक्षकाला असा धक्का देते, की जुन्या आठवणी गोंजारायला बसलेला माणूस सावरून बसतो. कोणता धक्का, ते इथे सांगणार नाही.

आणि २०१८चा ‘स्पायडर-मॅन : इन्टू द स्पायडर-व्हर्स’ हा चित्रपट आपण पाहिला असेल, तर जंगलातला पळण्याचा प्रसंग पुन्हा पाहा. अनुभवी पीटरचे चित्र प्रत्येक चौकटीला बदलते. नवख्या स्पायडरमॅनचे, माइल्सचे, दर दोन चौकटींना, म्हणजे सेकंदाला बारा वेळा. तो अडखळतो आहे हे संवादाआधी डोळ्यांना कळते. पूर्वी पैसे वाचवण्यासाठी वापरलेली युक्ती इथे पात्राचा स्वभाव सांगते. ज्यांनी हे केले, त्यांनी जुनी कार्टून मन लावून पाहिली असणार, अशी माझी खात्री आहे.

प्रश्न : नातू आठ वर्षांचा आहे. त्याला अगदी आरंभीचा सुपरहिरो दाखवावा अशी इच्छा आहे. काय दाखवू?

उत्तर : १९४१ ते १९४३ या काळात चित्रपटगृहांसाठी तयार झालेले सुपरमॅनचे सतरा लघुपट दाखवा. प्रत्येक साधारण आठ ते दहा मिनिटांचा आहे. पहिले नऊ फ्लायशर स्टुडिओचे आणि तेच अधिक चांगले. चित्रकथांतला सुपरमॅन आरंभी लांब उड्या मारत असे. पडद्यावर त्या उड्या शोभेनात, म्हणून या लघुपटांत तो उडू लागला, हे नातवाला जरूर सांगा. पण एकेक लघुपट आधी आपण स्वतः पाहून मगच त्याला दाखवा, कारण युद्धकाळातल्या काही लघुपटांत जपानी माणसांचे चित्रण इतके विद्रूप आणि द्वेषाने भरलेले आहे, की समजावून सांगण्याची तयारी असल्याशिवाय ते आठ वर्षांच्या मुलापुढे ठेवू नये.

सुरुवात यंत्रमानवांच्या लघुपटाने करा. दागिने लुटणारा यंत्रमानव आकाशात झेपावतो ते पाहताना नातू पुढे सरकून बसेल. शेवटी पत्रकार लोइसवर वितळलेल्या धातूचा लोट येतो आणि सुपरमॅन तिला आपल्या झग्याआड घेतो. त्या क्षणी धातूवरून परावर्तित झालेला उजेड आणि झग्याच्या घड्या पाहा. त्यांतली प्रत्येक घडी कुणीतरी हाताने काढलेली आहे.