रक्तवाहिनीच्या पेशींत हीट शॉक प्रथिनं नेमकं काय करतात?

पेशीतली इतर प्रथिनं सांभाळणारी ही हीट शॉक प्रथिनं (थोडक्यात एचएसपी) नावात उष्णता असली तरी एरवीही कामात असतात. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात माझ्या मते सर्वांत मोलाचं एचएसपी ९०. ते ई-नॉस या नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमला धरून ठेवतं आणि एकेटी काइनेज या फॉस्फेट जोडणाऱ्या एन्झाइमला त्याच्याजवळ आणतं. मग ई-नॉसच्या सेरीन ११७७ या जागी फॉस्फेट बसतो, नायट्रिक ऑक्साइड वाढतं आणि वाहिनी सैलावते. एचएसपी ९० आणि ई-नॉसची ही जोडी तुटली की तेच एन्झाइम सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा घातक रेणू बनवू लागतं. नुकसान दुहेरी, कारण सुपरऑक्साइड उरलंसुरलं नायट्रिक ऑक्साइडही संपवतं.

एचएसपी २७ चं काम वेगळं: व्हीईजीएफ या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाचा संदेश पी ३८ या काइनेजमार्गे आला की एचएसपी २७ ला फॉस्फेट जोडला जातो, अ‍ॅक्टिनचे पेशीला आकार देणारे तंतू जुळतात आणि पेशी सरकते. एचएसपी ७० बिघडलेली प्रथिनं सावरतं, पेशीमृत्यू रोखतं.

प्रयोग करणार असाल तर पेशी ४२ अंश सेल्सिअसला तासभर ठेवून लगेच मोजमापासाठी फोडू नका; एचएसपी ७० साठायला नंतर ३७ अंशांवर काही तास द्यावे लागतात. आणि एचएसपी ९० अडवायला फक्त जेल्डानामायसिन या अवरोधकावर विसंबू नका. ते क्विनोन प्रकारचं रसायन असल्यामुळे स्वतःच सुपरऑक्साइड तयार करतं आणि निष्कर्ष फसतो. जोडीला रॅडिसिकॉल हा दुसरा अवरोधक वापरून ताडून पाहा.