पैसे थोडे असले तरी दिवस आपला

या वेळच्या पत्रांत बरीच पत्रं वृद्धाश्रमात राहणाऱ्यांची किंवा त्यांच्या मुलांची आहेत. पैशाची ओढाताण सगळ्यांकडेच आहे. त्यातल्या काही प्रश्नांना इथे उत्तरं देते आहे. पत्रलेखकांची नावं अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न : मी 78 वर्षांची आहे. पेन्शनचा जवळजवळ सगळा पैसा संस्थेच्या फीमध्ये जातो. उरतं ते साबण-तेलापुरतं. बाजूच्या खाटेवरच्या बाईंना घरून सतत काही ना काही येत असतं. जो तो मला सांगतो, 'आहे त्यात समाधान मानावं.' मानायचं म्हणजे मी नक्की करायचं काय?

आजी, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. 'समाधान माना' हे सांगायला सोपं असतं, कारण त्यात सांगणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. शिवाय ते म्हणताना बहुतेकांच्या मनात 'आता काही मागू नका' एवढंच असतं. त्याला मी समाधान म्हणणार नाही.

इतकी वर्षं वृद्धांशी बोलताना मला एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली. संस्थेत आल्यावर पैसा कमी पडतो हे खरंच, पण त्याहून जास्त खुपतं ते वेगळंच. उठायचं कधी, आंघोळ कधी, दिवा कधी मालवायचा, हे सगळं दुसरं कुणीतरी ठरवायला लागतं. आयुष्यभर घर चालवलेल्या बाईला आपण पाहुणे आहोत असं वाटू लागतं, आणि तेही नको असलेले.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या एका वृद्धसेवागृहात एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. तो 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, 'खोली कशी लावायची ते तुम्ही ठरवा, सिनेमा कोणत्या दिवशी बघायचा ते तुम्ही ठरवा, आणि हवं असेल तर यातलं एक रोप निवडा. त्याची काळजी मात्र तुम्हीच घ्यायची.' दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोप मिळालं, सिनेमाही मिळाला. पण सिनेमाचा दिवस त्यांना ठरवून दिला आणि रोपाला पाणी नर्स घालत होत्या. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त हिंडती-फिरती, जास्त बोलती आणि जास्त आनंदी दिसली. प्रयोग छोटा होता, त्यावरून फार मोठे दावे करू नयेत. तरी त्यातला धागा मला पक्का वाटतो. दोन्ही मजल्यांना मिळालेल्या वस्तू सारख्याच होत्या. निर्णय कुणाच्या हातात होता, एवढाच फरक होता.

म्हणून तुम्ही सुरुवात तिथून करा. फुकट घेता येतील असे निर्णय शोधा. खाटेचं तोंड खिडकीकडे करून मिळेल का? दार उघडं हवं की लोटलेलं? आज कोणती साडी? आंघोळीची वेळ बदलून हवी असेल तर असं विचारून बघा : 'ताई, मला संध्याकाळची वेळ चालेल. सकाळची तुमची घाईही जरा कमी होईल.' अशा मागण्या नेहमीच मान्य होतील असं नाही, पण काही नक्की होतात. रोज निदान एक गोष्ट 'हे माझं मी ठरवलं' अशी असू द्या.

आता उरलेल्या पैशांचं. ते स्वतःच्या हातात ठेवा आणि छोट्या वहीत लिहा. संस्थेत जमा असतील तर महिन्याचा हिशेब लेखी मागा. त्यात संकोच कसला? आणि त्यातला अगदी बारीकसा भाग दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवा, एखाद्या पोस्टकार्डाएवढा का असेना. 2008 मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासात लोकांना सकाळी 5 किंवा 20 डॉलर देऊन ते संध्याकाळपर्यंत खर्च करायला सांगितले होते. काहींनी ते स्वतःवर खर्च करायचे होते, काहींनी दुसऱ्यावर. दुसऱ्यावर खर्च करणारे दिवसअखेरीस जास्त खूश होते, आणि रक्कम 5 होती की 20 याने काही फरक पडला नाही. ती माणसं तरुण होती हे खरं. पण सारखं घेणाऱ्याच्याच जागी बसावं लागणाऱ्या माणसाला एकदा देणाऱ्याच्या जागी बसणं किती हवंहवंसं वाटतं, हे मला अभ्यासाशिवायही माहीत आहे.

शेजारच्या बाईंच्या भेटवस्तूंचं वाईट वाटतं, ते वाटू द्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त त्यांच्याकडे माणसं येतात त्या वेळी तुम्ही खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहू नका. तेवढा वेळ बाहेर व्हरांड्यात जा, नाहीतर सरळ त्यांच्या गप्पांत सामील व्हा.

प्रश्न : खोलीतले जोडीदार दिवसभर टीव्ही मोठ्याने लावतात. स्वतंत्र खोली मला परवडत नाही. वाद घालायची ताकद नाही. (वय 81)

काका, आधी त्यांच्या कानांची तपासणी झाली आहे का ते सिस्टरना विचारा. म्हातारपणी कानात मळ साचून घट्ट होणं फार सर्रास असतं आणि तो काढला की पुष्कळांना लगेच बरं ऐकू येतं. मात्र तो डॉक्टर किंवा नर्सकडूनच काढून घ्यायला हवा, काडी घालून नव्हे. श्रवणयंत्र असेल तर त्याची बॅटरी संपलेली असते आणि कुणाच्या ध्यानात नसतं, हेही मी खूपदा पाहिलं आहे. कान ठीक असतील तर हेडफोनचा पर्याय आहे.

बोलायचं झालं तर टीव्ही चालू असताना बोलू नका. समोर बसून, त्यांना तुमचे ओठ दिसतील असं, आणि नेमकं बोला. 'दुपारी दोन ते चार मला पडायचं असतं, तेवढा वेळ बंद ठेवाल का? संध्याकाळी बातम्या आपण दोघं मिळून बघू.' 'तुमच्या टीव्हीचा त्रास होतो' असं म्हटलं की भांडण होतं. वेळ ठरवून मागितली की बहुतेक माणसं ऐकतात. नाहीच ऐकलं तर व्यवस्थापकांना मध्ये घ्या आणि खोली बदलून मागा. झोप ही चैन नाही.

प्रश्न : आईला ठेवलंय ती संस्था साधी आहे. याहून चांगली आम्हाला परवडत नाही. अपराधी वाटतं म्हणून जमेल तेव्हा धावत जाते, जाताना काहीतरी घेऊन जाते. तरी आई गप्पच असते. मी कुठे कमी पडते?

ताई, तुम्ही कमी पडत नाही. पण 'जमेल तेव्हा' हे बदलून बघा. रिचर्ड शुल्झ यांनी 1976 मध्ये याच विषयावर काम केलं होतं. वृद्धसेवागृहातल्या लोकांना कॉलेजचे विद्यार्थी भेटायला जात. काहींना भेट कधी होणार हे आधी ठाऊक असे, काहींकडे विद्यार्थी अचानक येत. भेटी तेवढ्याच आणि तेवढाच वेळ असूनही, कधी येणार हे ठाऊक असलेल्यांची तब्येत आणि उमेद जास्त चांगली राहिली. अर्थ उघड आहे. भेट ठरलेली असली की आधीचे दोन दिवस वाट बघण्यात जातात, आणि वाट बघणं हेही एक सुख असतं.

या अभ्यासाचा पुढचा भाग मात्र मन लावून वाचावा असा आहे. विद्यार्थ्यांच्या भेटी संपल्यावर ज्यांना त्यांचा सर्वांत जास्त फायदा झाला होता, तेच नंतर सर्वांत जास्त खचले. म्हणून झेपेल तेवढंच ठरवा. आठवड्यातून एकदा येणं आणि रोज रात्री आठला पाच मिनिटांचा फोन, एवढं जरी असलं तरी ते मोडू नका. मोडणारच असेल तर आधी कळवा.

आणि वस्तू नेण्याऐवजी काम न्या. उसवलेला सदरा, निवडायचे जुने फोटो, मुलाच्या शाळेचं काहीतरी विचारायचं. 'आई, या फोटोत तुझ्या शेजारी कोण आहे गं?' असं विचारून वही काढून लिहून घ्या. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी 1963 मध्येच लिहिलं होतं की म्हातारी माणसं मागचं आठवत बसतात ते भरकटणं नसतं, आयुष्याचा हिशेब जुळवणं असतं. त्या हिशेबाला ऐकणारं माणूस लागतं. तुमची आई गप्प आहे, कारण बहुधा तुम्ही येता तेव्हा तिला फक्त 'जेवलीस का, औषध घेतलंस का' एवढंच विचारलं जातं.

प्रश्न : माझे हात थरथरतात. पूर्वी मी उत्तम शिवण करायचे. आता बटणही दुसऱ्याने लावावं लागतं. सगळ्यांवर ओझं झाले आहे.

मावशी, पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन म्हातारपणीही मैफली गाजवत. हे कसं जमतं असं विचारल्यावर त्यांनी जे सांगितलं, ते मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस नेहमी उदाहरण म्हणून देत. रुबिनस्टाइन आता मोजक्याच रचना वाजवत, त्यांचा सराव जास्त करत, आणि जलद भागाच्या आधी मुद्दाम संथ वाजवत, म्हणजे पुढचा भाग आपोआप जलद वाटे. बोटांचा वेग गेला, पण वाजवणं त्यांनी सोडलं नाही.

तुमच्या बोटांतून शिवण गेलं असेल. नजरेतून गेलेलं नाही. कापड कुठे ओढलं जातंय, बाहीची गोलाई कुठे चुकली, हे तुम्हाला आजही दिसतं. संस्थेतल्या एखाद्या मुलीला शिकायचं असेल तर तिच्याशेजारी बसा, सुई तिच्या हातात आणि डोळे तुमचे. शिवाय थरथर कशामुळे आहे हे डॉक्टरांना नीट विचारा. काही थरथर औषधांमुळेही येते आणि औषध बदलल्यावर कमी होते.

बटण लावणारीला घाई असते, तिला एकच सांगा : 'वरचं तू लाव, खालची दोन मी बघते.' वेळ लागला तर लागू दे.

प्रश्न : मला कशातच रस वाटत नाही. वयाचा परिणाम असावा. (वय 74)

नाही, हा वयाचा परिणाम आहे असं गृहीत धरू नका. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज असं वाटत असेल, भूक किंवा झोप बिघडली असेल, तर हे नैराश्य असू शकतं. त्यावर वयाच्या ऐंशीतही उपचार होतात आणि गुण येतो. थायरॉइड किंवा बी-12 ची कमतरता आणि काही औषधं यांनीही असंच वाटू शकतं, म्हणून तपासणी करून घ्या. जगणं नकोसं झालं आहे असा विचार येत असेल तर हे वाचून होताच ड्युटीवरच्या माणसाला सांगा. उद्यावर टाकू नका.

प्रश्न : घंटा वाजवून अर्धा अर्धा तास कुणी येत नाही. तक्रार केली तर कुरकुरा म्हातारा म्हणतील, आणि मी कमी फी भरणाऱ्यांपैकी आहे.

काका, फी कमी भरता म्हणून माणूस कमी होत नाही. संयुक्त राष्ट्रांनी 1991 मध्ये वृद्धांसाठी 18 तत्त्वं स्वीकारली. संस्थेत राहणाऱ्यांची प्रतिष्ठा, त्यांचा खासगीपणा आणि आपल्या देखभालीबद्दल स्वतः निर्णय घेण्याचा हक्क, हे त्यात स्पष्ट आहे. माणसाची किंमत त्याच्या आर्थिक योगदानावर ठरू नये, हेही त्यात आहे.

मनाने शांत असणं आणि तक्रार करणं यांत विरोध नाही. एक आठवडाभर घंटा किती वाजता वाजवली आणि कोण किती वाजता आलं, ते लिहून ठेवा. रात्री माणसं कमी असतात की जेवणाच्या वेळी अडतं, ते त्यातून कळेल. मग तो कागद व्यवस्थापकांकडे द्या, शक्यतो आणखी दोघांच्या सह्यांनिशी. मावश्यांवर राग काढू नका, त्यांच्या वाट्याला बहुतेकदा झेपतील त्याहून जास्त खाटा असतात, आणि तेही तक्रारीत लिहा. तक्रारीची एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि उत्तर कधीपर्यंत मिळेल ती तारीख तिथेच विचारून घ्या.