लहान मुलांना घेऊन अंदमानला जाताना

परतीच्या विमानाची आदली रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच (आताचं श्री विजयपुरम) काढा. समुद्र खवळला की हॅवलॉक बेटाच्या (आताचं स्वराज द्वीप) बोटफेऱ्या रद्द होतात, आणि विमान काही थांबत नाही. बोट सुटण्याच्या अर्धा तास आधी, डॉक्टरांनी वयानुसार सांगितलेलं उलटीचं औषध आणि थोडं कोरडं खाणं द्या. भरल्या पोटी बसवलंत की हमखास उलटी. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास अंधार पडतो, म्हणून हॅवलॉकचा राधानगर किनारा दुपारी तीनलाच गाठा. वाळूतल्या बारीक माश्या चावतात त्या सकाळ-संध्याकाळ. पाय झाकलेले बरे. खाजवून जखम झाली तर ती घरी आल्यावरही चिघळते. बॅग भरताना पोरांचे खिसे तपासा: शंख-प्रवाळ विनापरवाना आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. मग रडारड!